पाव किलोचं कवच

माझी भाची नववीत असताना सायकलवरून पडली. जुलैचा महिना, रोवणीचे दिवस. शाळा घरापासून चार किलोमीटर आणि वाटेत एक रपटा. रात्रीच्या पावसाने रपट्याच्या तोंडाशी गिट्टी वाहून आली होती. वेग काही नव्हताच. चढ होता म्हणून पोरगी पॅडलवर उभी राहून जोर लावत होती. ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं, सायकल जागीच अडली आणि ती उजव्या अंगावर आडवी झाली. कानाच्या थोडं वर, रपट्याच्या काठाच्या दगडाला डोकं लागलं. रक्त एक थेंबही नाही. मैत्रिणींनी उठवलं, चिखल पुसला, सगळ्या शाळेत गेल्या. संध्याकाळी घरी आल्यावर डोकं दुखतं म्हणाली आणि न जेवताच झोपली. रात्री दोन उलट्या झाल्या, मग ती असंबद्ध बोलू लागली. तालुक्याचा दवाखाना, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून नागपूर. पोरगी वाचली, आता कॉलेजात जाते. पण त्या रात्री ॲम्ब्युलन्समध्ये माझी बहीण पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "ना ट्रक, ना मोटार, नुसती सायकलवरून तर पडली ना भाऊ."

तिच्या त्या वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे. सायकलवरून पडणं आपण अपघातात धरतच नाही. गुडघा सोलला, हळद दाबली, झालं. मोटारसायकलवाल्याला हेल्मेट लागतं हे देसाईगंजपासून सिरोंच्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, निदान दंडाच्या भीतीने तरी. सायकलवाल्याकडे मोटार वाहन कायदा हेल्मेट मागत नाही, आणि कायदा मागत नाही म्हणजे गरज नाही, असं आपण मनाशी धरून बसलो आहोत. म्हणून आधी हे नीट समजून घेऊ, की सायकलचं हेल्मेट करतं काय, किती वाचवतं आणि कुठे त्याचा इलाज चालत नाही.

हेल्मेट हातात घ्या आणि उलटं करा. वरचं रंगीत प्लास्टिक पातळ असतं, त्याच्यावर भिस्त नाही. खरी वस्तू आत आहे. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, पण अधिक घट्ट थर्माकोल, साधारण दोन ते तीन सेंटीमीटर जाडीचा. डोकं जमिनीवर आदळतं तेव्हा हा थर्माकोल चेपतो आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला जागा देतो. साधा हिशेब करून पाहा. दीड मीटर उंचीवरून डोकं उघड्या दगडावर पडलं आणि तीन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्याला बसणारा सरासरी हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट भरतो. तेच डोकं दोन सेंटीमीटरमध्ये थांबलं तर ७५ पट. उंची तीच, दगड तोच, फरक फक्त पावणेदोन सेंटीमीटर जागेचा.

दीड मीटर ही उंची मी उगाच घेतलेली नाही. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून जवळपास तेवढंच वर असतं. युरोपात सायकलच्या हेल्मेटसाठी ईएन १०७८ हे मानक आहे. त्यात धातूचं डोकं हेल्मेटमध्ये बसवून सपाट लोखंडावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात. दीड मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना तिचा तेवढाच वेग असतो, ताशी साडेएकोणीस किलोमीटर. त्या आपटण्यात आतल्या डोक्याला २५० पटीपेक्षा जास्त हिसका बसला तर हेल्मेट नापास. अमेरिकेच्या सीपीएससी मानकात उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पट आहे. म्हणजे हे हेल्मेट बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रपट्यावर आडवी झालेली माझी भाचीच होती असं म्हणायला हरकत नाही. "आमची पोरं हळू चालवतात" हे पालकांचं म्हणणं इथेच निकालात निघतं. जागीच कोलमडलेल्या सायकलवरूनही डोकं दीड मीटर खाली येतं, आणि तेवढी उंची कवटी फुटायला पुरते.

शाळेत मुलांना हे दाखवायचं असेल तर उन्हाळ्यात वैनगंगेच्या वाळूतली टरबुजं येतात तेव्हा दाखवा. डोक्याएवढी दोन छोटी टरबुजं घ्या. एक जुन्या, टाकून द्यायच्या हेल्मेटमध्ये पट्ट्याने घट्ट बांधा, दुसरं तसंच ठेवा. दोन्ही शिक्षकाच्या खांद्याच्या उंचीवरून व्हरांड्याच्या फरशीवर सोडा. फुटलेल्या टरबुजाकडे बघताना वर्ग गप्प होतो, तेव्हा फार बोलावं लागत नाही. एवढंच सांगा, की आपटलेलं हेल्मेट आता कचऱ्यात जाणार, कारण एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

आता प्रत्यक्ष रस्त्यावरचा अनुभव. १९८९ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या दवाखान्यांत आलेल्या जखमी सायकलस्वारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्के कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा जगभर फिरला, अजूनही फिरतो. मी तो कुणाला सांगत नाही, कारण नंतर अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा चित्र थोडं खाली आलं. ऑस्ट्रेलियातल्या ऑलिव्हियर आणि क्रेटन या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये ४० अभ्यासांतले ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वार तपासले. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला इजा होण्याची शक्यता निम्म्याने, ५१ टक्क्यांनी, कमी आढळली. गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी, डोक्याच्या मारामुळे मरण येण्याची ६५ टक्क्यांनी आणि चेहऱ्याच्या इजेची ३३ टक्क्यांनी. हेल्मेटच्या वजनाने मान मोडते अशी एक भीती बोलली जाते. मानेच्या दुखापतीशी हेल्मेटचा संबंध या पाहणीत दिसला नाही.

या आकड्यांतली एक मेख सांगायलाच हवी. हे अभ्यास दवाखान्यात आलेल्या माणसांवर झालेले असतात, आणि हेल्मेट घालणारा माणूस मुळातच सावध असू शकतो. त्यामुळे सगळं श्रेय हेल्मेटला देता येत नाही. तरीही इजा जितकी गंभीर तितका हेल्मेटचा फायदा मोठा, हे पुन्हा पुन्हा दिसतं, आणि प्रयोगशाळेतला हिशेबही त्याच बाजूने बोलतो. माझ्या मते घरातल्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट चढवायला एवढा पुरावा भरपूर आहे.

काय वाचत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे. पडताना माणूस हात टेकतो. मनगट आणि गळपट्टीचं हाड हेल्मेट वाचवत नाही. हनुवटी, दात उघडेच राहतात. डोकं तिरपं घासत पडलं तर मेंदू कवटीच्या आत गर्रकन फिरतो, मडकं झटक्याने फिरवलं की आतलं दही मोडतं तसा. या पिळाविरुद्ध साधं हेल्मेट सरळ माराइतकं कामाला येत नाही. स्वीडनच्या संशोधकांनी त्यासाठी आत सरकणारा पातळ थर काढला. मिप्स नावाने तो महागड्या हेल्मेटांत मिळतो. परवडला तर घ्या, नाही परवडला म्हणून हेल्मेटच घेणं थांबवू नका.

आणि ट्रक. सुरजागडचं लोहखनिज एटापल्ली-आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने येतं, घुग्घुस-बल्लारपूर-राजुरा भागात कोळसा आणि सिमेंट. भरलेल्या टिप्परच्या चाकाखाली कुठलंच हेल्मेट टिकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ पहाटे रस्त्याच्या कडेला व्यायामाला गेलेल्या मुलांना ट्रकने चिरडलं, त्यात चार मुलं गेली. ती सायकलवरही नव्हती. अशा मरणानंतर कुणी पोरांच्या हेल्मेटची गोष्ट काढली तर मला राग येतो. त्याचं उत्तर ट्रकच्या वेगात आहे, वाहतुकीच्या वेळांत आहे, रस्त्याला जोडून मुरमाची का होईना वेगळी पट्टी देण्यात आहे. नेदरलँड्समध्ये लोक फारसं हेल्मेट घालत नाहीत आणि तरी सुखरूप सायकली चालवतात, कारण त्यांना मोटारींपासून वेगळी वाट दिलेली आहे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी जड वाहतूक बंद ठेवा ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या आणि हेल्मेटही घ्या. एक झालं म्हणून दुसरं सोडू नका.

पण शहरातल्या वाचकापेक्षा आपल्याकडच्या वाचकाला हेल्मेटची गरज जास्त का, याचं कारण रस्त्यापेक्षा अंतरात आहे. डोक्यात आतल्या आत रक्तस्राव झाला तर घड्याळ चालू होतं. सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर जितका लवकर मिळेल तितकं बरं. भामरागडहून गडचिरोली गाठायलाच दीडशे किलोमीटरहून जास्त रस्ता आहे, गडचिरोलीहून नागपूर पुन्हा तेवढाच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटल्याचे प्रसंग कितीतरी पावसाळ्यांत आले आहेत. पुण्यात जी जखम वीस मिनिटांत डॉक्टरपुढे जाते, ती इथे दुसऱ्या दिवशी दुपारी जाते. डोक्याचा मार मुळात कमी बसावा यासाठी जे काही करता येईल, त्याची किंमत आपल्याकडे म्हणून वाढते.

विकत काय घ्यायचं? चंद्रपुरात औष्णिक केंद्राच्या रस्त्याने किंवा कोळसा खाणींकडे सकाळच्या पाळीला जाणाऱ्या कंत्राटी कामगारांकडे बघा. सायकलच्या हँडलला पिवळी टोपी लटकत असते, कुणी ती डोक्यावरही चढवलेली असते. ती टोपी वरून पडणाऱ्या दगडासाठी, पान्यासाठी आहे. बाजूने मार बसला तर तिच्यात चेपायला काही नाही, आणि बहुतेकींना हनुवटीचा पट्टा नसतो, त्यामुळे डोकं जमिनीला टेकायच्या आधीच ती उडालेली असते. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या अर्ध्या टोप्यांचंही तेच. आत बोट घालून दाबून पाहा. नुसता मऊ स्पंज आणि कापड लागलं तर पैसे वाचवा.

मोटारसायकलचं आयएसआय हेल्मेट सायकलवर घालावं का, असं पालक नेहमी विचारतात. त्याचं मानक, आयएस ४१५१, मोटारसायकलच्या वेगासाठी आहे. मार ते नक्की झेलतं, पण वजन किलोच्या आसपास, कान झाकलेले, वारा नाही. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचं ऊन मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातं. त्या उन्हात पॅडल मारणारं पोर ते दहा मिनिटांत काढून हँडलला अडकवणार. शिवाय आपल्या रस्त्यावर कान उघडे लागतात. मागून येणाऱ्या टिप्परचा आवाज, झुडपातून निघणाऱ्या रोह्याची किंवा रानडुकराची खसफस ऐकू आली पाहिजे. सायकलचं हेल्मेट अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅमचं, खाचा असलेलं, कान मोकळे ठेवणारं असतं. आतल्या लेबलवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी लिहिलंय का तेवढं पाहा. दुकानदार चंद्रपूरचा असो की नागपूरचा, लेबल वाचून दाखवायला सांगा. हजार-बाराशेच्या साध्या हेल्मेटने हे मानक पार केलेलं असतं. त्याच्या वरचे पैसे बहुतेक वजन, रंग आणि हवा यांचे असतात.

दुकानात जाण्याआधी शिंप्याचा टेप घ्या. भुवयांच्या दोन बोटं वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून डोक्याचा घेर मोजा. लेबलवर ५२-५६, ५४-५८ असे सेंटीमीटर लिहिलेले असतात. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घेऊ नका. चपलेत चालतं ते हेल्मेटमध्ये चालत नाही. पट्टा न लावता डोक्यावर ठेवून मान खाली घाला. पडलं तर ते मोठं आहे, मागची फिरकी आवळूनही हलत असेल तर दुसरं बघा.

घालायची रीत मी शाळेच्या फाटकाशी उभा राहून शंभरदा पाहिली आहे, आणि बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. हेल्मेट मागे सरकवून, टोपीसारखं, कपाळ उघडं टाकून घालतात. फोटो छान येतो, पण पडताना कपाळच आधी लागतं. पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर हवी, डोळे वर केले की ती दिसली पाहिजे. दोन्ही पट्टे कानाच्या पाळीखाली एकमेकांना मिळून व्हीसारखे दिसावेत. हनुवटीखाली एक बोट जाईल, दोन कष्टाने जातील, इतकं घट्ट करा. मग मोठी जांभई द्यायला सांगा. जांभई देताना हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटलं तर बरोबर.

मुलींच्या बाबतीत वेण्यांचा प्रश्न येतो आणि कुठल्याही कंपनीच्या सूचनापत्रात त्याचं उत्तर नसतं. आपल्या शाळांत दोन वेण्या घालून, दुमडून, कानाजवळ रिबनीने वर बांधायची पद्धत आहे. ती रिबनीची गाठ नेमकी पट्टा जिथून जायचा तिथे येते. मग मुलगी पट्टा सैल सोडते किंवा लावतच नाही. उपाय सोपा आहे: वेण्या मानेजवळ, खाली घाला, दुमडायच्याच तर शाळेत पोचल्यावर दुमडा. मुख्याध्यापकांनी गणवेशाच्या नियमात एवढी सवलत दिली तर अर्धं काम होईल. अंबाडा डोक्याच्या मागे वर असेल तर हेल्मेट पुढे ढकललं जातं. तो मानेवर बांधा. केसांतली जाड पिन, लोखंडी हेअरबँड काढा, मार बसला तर तीच डोक्यात रुतते.

उन्हाळ्यात दुपट्टा लागतोच, त्याशिवाय आपल्याकडे घराबाहेर पडवत नाही. जाड दुपट्ट्याचे तीन वेढे घेऊन वर हेल्मेट ठेवलं तर ते डोक्याला धरत नाही, पडताना सरकतं. एक पातळ, सुती, ओला करून पिळलेला रुमाल डोक्याला सपाट बांधा, त्यावर हेल्मेट घालून फिरकी पुन्हा जुळवा. दुपट्टा तोंडाला आणि मानेला गुंडाळा, टोकं आत खोचा. लटकती टोकं आणि ओढणी या विषयावर मला बोलायला लावू नका. ओढणी पाठीमागे घेऊन कमरेला गाठ मारायची, किंवा दप्तरात ठेवायची. मागच्या चाकाला जाळी बसवून मिळते. सायकल घेताना हट्टाने बसवून घ्या.

आता एक गोष्ट अशी, जी ऐकून पालक चकित होतात. सायकलवरून उतरलं की हेल्मेट काढायचं. चिंचेवर, जांभळीवर चढायला, झोपाळ्यावर बसायला ते घालून जायचं नाही. फांदीच्या बेचक्यात हेल्मेट अडकून पट्ट्याने गळफास बसल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. युरोपात लहान मुलांसाठी जोर पडला की आपोआप सुटणाऱ्या हिरव्या बकलाचं वेगळं मानक काढलं गेलं ते त्यामुळेच. आपली पोरं शाळा सुटल्यावर सरळ घरी येत नाहीत, वाटेत झाडं असतात. त्यांना हे आवर्जून सांगा.

सांभाळायचं कसं? टिनाच्या छपराखाली, पेटत्या चुलीजवळ, गाडीच्या काचेमागे ठेवू नका. उष्णतेने थर्माकोल बिघडतो. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावून पुसू नका, थर्माकोल विरघळतो. खोबरेल तेलाने आतल्या पट्ट्या मेणचट होतात, त्या काढून साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. कॅरिअरवर तांदळाच्या पोत्याखाली दाबू नका. आणि एकदा जोरात आपटलं की वरून कितीही धड दिसो, बदला. धाकट्या भावाला ते वापरायला देऊ नका.

हेल्मेटच्या सोबतीने करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. ब्रेकची रबरं पावसाळ्याआधी बदला. मागच्या मडगार्डला, दप्तराला आणि हेल्मेटच्या मागच्या भागाला लाल रेडियमची पट्टी चिकटवा. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला अंधारात निघणाऱ्यांनी तर नक्कीच. त्या वेळी एकट्याने जाऊ नका. वाघासमोर हेल्मेटचा उपयोग नाही, सोबतीचा आहे. धान कापणीनंतर रस्त्यावर वाळत घातलेल्या तणसावरून सायकल घसरते, तिथे उतरून चाला. डबल सीट बसलेल्यालाही डोकं असतं, त्याच्यासाठीही हेल्मेट लागतं.

इतकं करूनही कुणी पडलं आणि डोक्याला मार लागला, तर पुढचे चोवीस तास त्याच्यावर नजर ठेवा. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून नीट न उठणं, तेच तेच विचारणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, आकडी, हातापायातलं बळ जाणं, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखं काही येणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. माझी भाची दिवसभर शाळेत हसत-बोलत होती हे लक्षात ठेवा. मार बसल्यावर काही तास माणूस बरा दिसतो आणि मग अचानक खालावतो, हे डोक्याच्या मारात घडतं. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका, बसवू नका. मान सरळ धरा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, ते डॉक्टरांना काढू द्या. डोकं दुखतं म्हणून दुकानातून गोळी आणून देऊ नका. काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो. निघताना आधार आणि रेशनकार्ड घ्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते लागतं. धडक मोटार वाहनाची असेल तर केंद्राच्या २०२५ च्या योजनेत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत रोकडविना उपचार आहेत, तेही विचारा. आणि रस्त्यात अनोळखी जखमी दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं, २०२२ पासून ते ५,००० रुपये आहे. त्यात हेल्मेट नाही. ते असायला हवं, आणि ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लेखी करायला हवी. पण माझी एक विनंती शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना आहे: हेल्मेट नाही म्हणून कुठल्याही मुलीची सायकल फाटकावर अडवू नका. बिहारमध्ये २००६ पासून मुलींना सायकली मिळाल्या आणि माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या जवळपास एक तृतीयांशाने वाढली, असं मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांना आढळलं. हेल्मेटच्या सक्तीने यातली एक जरी मुलगी घरी बसली तर ते नुकसान फार मोठं आहे. सक्तीपेक्षा शाळेने दहा हेल्मेटं घेऊन ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी वर्षभरासाठी द्यावीत. ग्रामपंचायतीच्या निधीतून, गणेश मंडळाच्या शिल्लक वर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांच्या मदतीतून हे होऊ शकतं. जून उजाडला की पट्टे तपासायचे, आपटलेली बाजूला काढायची, बाकीची पुन्हा द्यायची.

भाचीचा धाकटा भाऊ यंदा आठवीत गेला. त्याचं हेल्मेट तिनेच नागपूरहून आणलं, टेपने डोकं मोजून. रोज सकाळी तो फाटकातून निघाला की ती हाक मारते, "जांभई दे." तो वैतागतो, तोंड वासतो, ती पट्टा खालून बोटाने चाचपते आणि मग त्याला सोडते.